अण्णा, तुमच्या टेबलावरचे चेहरे

अण्णा, आज सकाळी फोन वाजला. पलीकडून एक अमेरिकन बाई म्हणाल्या, "हाय, इज धिस अ‍ॅना?" मी "येस" म्हणाले. त्यांच्या आईचा फोटो तळघरात पाणी शिरलं तेव्हा भिजला होता, दुरुस्त होईल का, असं विचारत होत्या. होईल म्हटलं, पत्ता सांगितला, फोन ठेवला. ठेवल्यावर लक्षात आलं, तुम्हाला जाऊन एकोणीस दिवस झाले आणि मी अजून तुमच्याच नावाने उत्तर देते आहे.

ते नाव तुमच्या नातीचं काम. कार्डावर काय लिहायचं म्हणून मी आणि माधव वाद घालत बसलो होतो आणि मीराने तोवर रंगीत पेनाने लिहूनसुद्धा टाकलं, 'अण्णाज फोटो रिपेअर'. इंग्रजीत ते 'अ‍ॅना' झालं. मग काय, इथल्या सगळ्या एडिसन गावाला वाटायला लागलं की अ‍ॅना नावाची कुणी बाई आहे. लोक दार वाजवायचे, मी उघडायचे, ते मलाच अ‍ॅना म्हणायचे, आणि माझ्यामागे माकडटोपी घालून खरे अ‍ॅना उभे. "साठ वर्षं पुरुष म्हणून काढली," तुम्ही म्हणालात, "इथं येऊन बाई झालो." तुम्हाला मोठ्याने हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. लग्नाला नऊ वर्षं झाली होती माझ्या.

तुम्ही आलात तो हिवाळा मला नेहमी पाण्याखालून पाहिल्यासारखा आठवतो. आई गेल्या होत्या, सांगलीचं घर बंद केलं होतं, आणि माधवने तुम्हाला आणून आमच्या दोन खोल्यांच्या अपार्टमेंटमध्ये उत्तरेच्या खिडकीशी बसवलं होतं. रेडिएटर सुस्कारे टाकायचा. बाहेर बर्फ पडत असायचा. एवढं मोठं काही कोसळतं आणि आवाज कसा होत नाही, याचं तुम्हाला फार नवल. तासन् तास बघायचात. एकदा म्हणालात, "सगळं नुकतंच धुऊन काढलेल्या प्रिंटसारखं आहे. अजून चित्र उमटायचंय." मी भांडी घासत होते. ऐकलं आणि सोडून दिलं. तुम्ही चाळीस वर्षं एका फोटो स्टुडिओत रिटचिंग केलं हे मला माहीत होतं, पण जसं एखाद्याचं गोत्र माहीत असतं तसं. रिटचिंग म्हणजे काय, हे कधी विचारलं नव्हतं.

माझेही दिवस तेव्हा खिडकीतल्यासारखेच जात होते. माधव आमची एकुलती गाडी घेऊन लॅबमध्ये जायचा, मीरा शाळेत. बीएस्सीचं सर्टिफिकेट बॅगेच्या तळाशी. घरात आपण दोघं, दोन टोकांना, अगदी सभ्यपणे गप्प.

मग खालच्या मजल्यावरच्या मिसेस नोवाक आल्या. बर्फात त्यांचं टपाल मी वर आणून द्यायचे, म्हणून केक घेऊन आल्या होत्या. बोलता बोलता त्यांनी पर्समधून भावाचा फोटो काढला. लढाईत गेलेला भाऊ. फोटो चार घड्या घालून कुठून कुठून आलेला, आणि एक घडी नेमकी चेहऱ्यावरून गेलेली. तुम्ही खुर्चीतून उठलात, हात पुढे केलात. आणि त्या बाईंनी तो तुमच्या हातावर ठेवला. भावाचा एकच फोटो, अनोळखी म्हाताऱ्याच्या हातात. का दिला असेल?

तुम्ही आपल्या बॅगेतून पत्र्याचा डबा काढलात. मला इतके दिवस वाटत होतं त्यात औषधं आहेत. त्यात खारीच्या केसांचे ब्रश होते, सुईसारख्या टोकाच्या पेन्सिली, शाईच्या कांड्या, भिंग, आणि धुतलेल्या धोतराच्या चिंध्या. तीन सकाळी तुम्ही त्या भावावर काम केलंत. ब्रशचं टोक जिभेवर फिरवून बारीक करायचात, आणि मीरा ओरडायची, "आजोबा, दॅट्स ग्रोस!" तुम्ही तिला मराठीतून सांगायचात, "थुंकीशिवाय टोक येत नाही, बाळ." चौथ्या दिवशी मिसेस नोवाक आल्या. फोटो पाहिला. घडी नव्हती. त्यांनी तुमचं मनगट धरलं आणि पोलिशमध्ये खूप काही बोलल्या. तुम्ही "बसा बाई, बसा" म्हणत राहिलात. मी भाषांतर करायला पुढे झाले आणि थांबले. दोघांपैकी कुणालाच त्याची गरज नव्हती.

धंद्याची कल्पना माझी. हे कबूल करते, कारण पुढे माधव सगळ्यांना ती त्याचीच होती म्हणून सांगायला लागला. तेव्हा मात्र तो म्हणाला होता, "अण्णांनी जन्मभर दुसऱ्यांचे चेहरे घासले. आता रेस्ट घेऊ दे ना, यार." आतल्या खोलीतून तुमचा आवाज आला, "रेस्ट घ्यायला मी आजारी आहे का?" संपला विषय. जेवणाचं टेबल उत्तरेच्या खिडकीशी गेलं, आणि आपण सगळे मांडीवर ताटं घेऊन जेवायला लागलो.

ओक ट्री रोडवर तेव्हा आपल्या लोकांची दोन-तीनच दुकानं होती. तिथल्या फळ्यावर कार्ड लावलं. मग नमुने पुठ्ठ्याच्या फोल्डरमध्ये घालून मी स्टुडिओ हिंडायला लागले. तीन ठिकाणी 'नो, थँक यू' ऐकलं. चौथा फ्रँक. लग्नाचे फोटो काढणारा जाडा, दमलेला माणूस. त्याने भिंग लावून तुमचं काम पाहिलं, उजेडात तिरकं धरून पाहिलं, फाटलेली जागा कुठे होती ते शोधत राहिला. शेवटी म्हणाला, "हू डिड धिस?"

"अण्णा," मी म्हटलं.

"टेल हर शी'ज अ जीनियस."

मी घरी येऊन तसाच निरोप दिला. तुम्ही लाजलात, अण्णा. खरंच लाजलात.

फ्रँककडून प्रिंटांचे गठ्ठे यायला लागले. प्रिंटवर धुळीचे पांढरे ठिपके राहतात, ते एकेक करून शाईने बुजवायचे. स्पॉटिंग. त्यावर तुम्ही मला शिकवलंत. चेहरे मात्र वर्षभर दिले नाहीत. चेहऱ्याचा फोटो आला की तो माझ्यापुढे ठेवायचात आणि म्हणायचात, "बघ." मी ब्रश उचलला की, "बघ म्हटलं. हात नंतर." ही सुरकुती हसण्याची का उन्हाची? हा डाग कागदाचा का त्या माणसाचा? कागदाचा असेल तर आपला, माणसाचा असेल तर त्याचा. मी चिडायचे. एका प्रिंटवर एवढा वेळ घालवला तर फ्रँक काय म्हणेल? तुम्ही म्हणायचात, "फ्रँकला मराठी येत नाही."

त्या दुपारी कशा होत्या ते मला कुणाला सांगता येत नाही. जुने फोटो अल्बमच्या कागदाला चिकटलेले असले की ते परातीत पाण्यात सोडायचे. बराच वेळ काही होत नसे. मग हळूच एखादा चेहरा कागद सोडून वर तरंगायचा. मिशीवाला कुणी शेतकरी, बोटीच्या कठड्याशी उभी असलेली मुलगी, बाप्तिस्म्याच्या झग्यातलं बाळ. तुम्ही प्रत्येकाला म्हणायचात, "या." अगदी हळू, आपल्याकडे पाहुण्याला म्हणतात तसं. दोरीवर चिमट्यांनी लावलेले ते सगळे खोलीभर डोलत सुकायचे, कॅसेटवर कुणीतरी आलापी करत असायचं, आणि मला वाटायचं की ह्या अपार्टमेंटला मागच्या बाजूने एक दार आहे, त्यातून ही माणसं येऊन बसतात, आणि तेवढा वेळ आपण न्यू जर्सीतही नसतो आणि सांगलीतही. बर्फ साचला की उजेड खालून वर यायचा. "आज बर्फाचा उजेड आहे," तुम्ही म्हणायचात, "आज काम चांगलं होईल."

ह्यातलं काहीही तेव्हा मी तुम्हाला सांगितलं नाही. सासऱ्यांना कोण सांगतं, की तुमच्याजवळ बसले की मला बरं वाटतं?

आणि मग नीलिमा आली. आता ते लिहायला हवं.

सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची मुलगी. नवरा, अविनाश, युनिव्हर्सिटीत पीएचडी करत होता, गाडीच्या अपघातात गेला. लग्न दोन्ही घरांच्या विरोधात, रजिस्टर केलेलं, आणि ज्या मित्राने फोटो काढले त्याचा रोल कॅमेऱ्यात नीट बसलाच नव्हता. सगळा कोरा निघाला. इथे आल्यावर दोघंच. कुठेही गेले की ती त्याचा काढायची, तो तिचा. तिने दोन फोटो टेबलावर ठेवले. तोच समुद्रकिनारा, तोच लाकडी कठडा. एकात ती हसते आहे, एकात तो उभा आहे.

"काका, आमचा एकत्र एकही नाही," ती तुम्हाला म्हणाली. "हे दोन एक करून द्याल?"

तुम्ही बराच वेळ पाहिलंत आणि म्हणालात, "नाही जमणार, बाई."

 तिने फोटो उचलले नाहीत, तसेच ठेवून गेली. ती गेल्यावर मी तुमच्यावर आवाज चढवला. आयुष्यात पहिल्यांदा.

"न जमायला काय झालं? दोन प्रती कापून चिकटवायच्या, सांधा बुजवायचा, वरून पुन्हा फोटो घ्यायचा. तुम्हीच सांगितलंयत मला!"

"जमतं. करायचं नाही."

"का?"

तुम्ही तिच्या फोटोवर बोट ठेवलंत. "ह्यात तो आहे. कॅमेऱ्यामागे. ती त्याच्याकडे बघून हसतेय. त्याला उचलून शेजारी आणलंस, तर ती बघतेय कुणाकडे?"

मी म्हटलं, "तिच्याकडे बघणारं आता कुणी उरलं नाही, अण्णा. म्हणून तर तिला तो शेजारी हवाय."

तुम्ही उठून गेलात. हा वाद आपला तिथेच राहिला. मी तो अजून मनात घालत असते. कधी तुमच्या बाजूने, कधी माझ्या.

पुढच्या आठवड्यात माधव तुम्हाला चार दिवस बॉस्टनला, त्याच्या मावसभावाकडे घेऊन गेला, आणि मी ते केलं. फ्रँककडून दोघांच्या लहान-मोठ्या आकारात प्रती करून आणल्या. अविनाशला कापलं, कडा मागून घासून पातळ केल्या, तिच्या शेजारी बसवलं. चांगला उंच दिसेल अशी प्रत निवडली, तिच्यापेक्षा वीतभर. नवरा-बायकोचा फोटो शोभावा असा. चेहऱ्याला पहिल्यांदाच एकटीने हात लावला होता, आणि मला तो सुंदर वाटला.

तुम्ही परत आलात, टेबलापाशी गेलात, पाहिलंत.  दुसऱ्या दिवशी चहा घेताना म्हणालात, "तिच्यावर उजेड डावीकडून आहे. त्याच्यावर उजवीकडून. दोघांचे सूर्य वेगळे केलेस." आणि मग, "उरलेल्या प्रती दे."

तीन दिवस तुम्ही बसलात. मला जवळ येऊ दिलं नाहीत. अविनाशच्या चेहऱ्यावरची सावली तुम्ही ब्रशने एका गालावरून दुसऱ्या गालावर नेलीत. ते कसं केलंत मला आजही कळत नाही. पण तुम्ही प्रत बदलली होती. लहान आकाराची घेतली होती. अविनाश खाली गेला होता, त्याचं डोकं तिच्याहून जरा खालीच.

डॉक्टरांनी तेव्हाच तुम्हाला मोतीबिंदूची सुरुवात आहे म्हणून सांगितलं होतं. 

"अण्णा, ह्यात तो बुटका दिसतोय."

"असू दे."

"प्रत चुकलीय. मोठी होती ती इथे आहे, मी बदलून..."

"तसाच दे तिला."

मी ते काम पुठ्ठ्याच्या फोल्डरमध्ये घातलं. फ्रँककडे जाऊन फोटो तयार करून आणला. नीलिमा आली, पाकीट उघडलं, पाहिलं, तोंडावर हात ठेवला आणि रडत निघून गेली. मला वाटलं, बिचारी. एवढ्या आशेने आली होती, आणि आम्ही तिचा नवरा बिघडवून दिला.

त्यानंतर मी तुमच्याकडचे चेहरे काढून घेतले, अण्णा. सांगून नाही. सांगायची हिंमत नव्हती. चेहऱ्याचा फोटो आला की तो माझ्या बाजूच्या फायलीत जायचा, तुमच्याकडे फक्त स्पॉटिंग. तुम्ही केलेले प्रिंटसुद्धा मी बाथरूममध्ये नेऊन भिंगाखाली तपासायचे. एकदा बाहेर आले तर तुम्ही पॅसेजमध्ये उभे होतात. माझ्या हातातलं भिंग पाहिलंत. "काही राहिलंय का?" तुम्ही विचारलंत. मी "नाही" म्हणाले. राहिलं नव्हतंच. एकदाही काही राहिलेलं सापडलं नाही मला. पण एकदा मनात बसलं ते बसलं. माधवलाही मी म्हणाले, अण्णांना आता दिसत नाही रे नीट. तो म्हणाला, "मी सांगत नव्हतो, रेस्ट घेऊ दे?"

शेवटचं दीड वर्ष तुम्ही ठिपके बुजवलेत. एक अक्षर बोलला नाहीत. मी चेहऱ्याशी अडले की तुमची खुर्ची जरा जवळ सरकायची, तुम्ही माझ्या खांद्यावरून बघायचात, आणि ब्रश कुठे टेकवायचा तिथे हवेतच बोट धरायचात. कागदाला न लावता. मी त्याप्रमाणे करायचे आणि काम जमायचं. आणि तरीही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही, की असं बोट ज्याला नीट दिसतं तोच धरू शकतो.

मग त्या दुपारी तुम्ही झोपलात, आणि मी चार वाजता चहाला हाक मारली.

तेराव्याला पुष्कळ लोक आले. फ्रँक काळा सूट घालून आला, मिसेस नोवाक जिना चढून आल्या. ते सगळं तुम्हाला सांगत बसत नाही. नीलिमा मात्र तेव्हा आली नाही. तिला उशिरा कळलं. ती परवा आली, गर्दी ओसरल्यावर, दुपारी. तुमच्या खुर्चीसमोर बसली. मला अवघडल्यासारखं झालं होतं. त्या फोटोबद्दल कधीतरी तिची माफी मागायची होती, म्हणून मी सुरुवात केली, "नीलिमा, तो फोटो... अण्णांच्या डोळ्यांचं तेव्हा..."

ती ऐकतच नव्हती. म्हणाली, "काकांनी मला फोन केला होता, माहितेय ना तुम्हाला?"

फोन? तुम्ही तर फोनला हात लावत नव्हतात. पलीकडून इंग्रजी येईल म्हणून वाजत असला तरी उचलत नव्हतात.

"फोटो तयार व्हायच्या आधी, एका दुपारी आला. म्हणाले, मी एडिसनहून फोटोवाला बोलतोय. म्हणाले, एक विचारायचंय, राग मानू नका. तो तुमच्यापेक्षा किती उंच होता?" नीलिमा हसायला लागली आणि तिचे डोळे भरले. "मी म्हटलं, काका, उंच कुठला, माझ्याहून दोन बोटं कमीच होता तो. त्यावरून काय भांडायचा माझ्याशी! लग्नाच्या ऑफिसात टाचा वर करून उभा होता, रजिस्ट्रारसाहेबसुद्धा हसले. काका म्हणाले, बरं झालं विचारलं. मग म्हणाले, आणि तुम्ही त्या फोटोत हसताय कशाला? मी सांगितलं, अवी आधी कॅमेऱ्याचं झाकण न काढताच क्लिक क्लिक करत होता, ते काढल्यावर हसले. काका म्हणाले, मग आता तुम्ही दोघंही त्या झाकणालाच हसताय, असं धरतो."

 खिडकीबाहेर कुणाच्या तरी गाडीचं दार लागलं.

"अवी गेल्यानंतर त्या दिवशी मी पहिल्यांदा हसले," ती म्हणाली. "आणि फोटो हातात आला तेव्हा... तो अवीच होता हो. सगळे बनवतात तसा कुणी हिरो नव्हता. माझा अवी होता. मी एवढी रडले, की थँक यू म्हणायचंही राहिलं." मग माझ्या चेहऱ्याकडे पाहून तिने विचारलं, "काकांनी सांगितलं असेल ना तुम्हाला हे सगळं?"

"हो," मी म्हणाले. "सांगितलं होतं."

खोटं बोलले, अण्णा. तिच्यासमोर मला तेवढंच सुचलं. ती गेल्यावर मी मीरा शाळेतून येईपर्यंत तिथेच बसून होते. तुम्ही मला का सांगितलं नाहीत, ह्याचा विचार करत. करणार नाही म्हटलेलं केलंत आणि ते कबूल करायचं नव्हतं, म्हणून? की मी आपण होऊन विचारीन, म्हणून वाट बघत होतात? नंतर चेहरे एकेक करून माझ्याकडे सरकले तेव्हा तुम्ही काय समजलात? मी मोठी झाले, असं? की मला तुमची गरज उरली नाही, असं? मला तुमचा राग येतो. दीड वर्ष, अण्णा. एका वाक्याचं काम होतं. आणि लगेच वाटतं, ते वाक्य तुम्ही कुणाला म्हणणार होतात? भिंग घेऊन बाथरूममधून बाहेर येणाऱ्या सुनेला?

तिला खोटं सांगितलं. तुम्हाला खरं सांगते. तुमच्या डोळ्यांना काहीही झालं नव्हतं. निदान त्या तीन दिवसांत तरी नाही. तुम्ही बरोबर बघत होतात.

मी विचारायला हवं होतं.